स्नायूंची डागडुजी करणारं प्रथिन : डिस्फर्लिन आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी

(धाराशिव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



समोर शिक्षक दिसतायत, आशाताई दिसतायत, काही पालकही आहेत. त्यामुळे आज वैद्यकीय भाषा कमी वापरायची, असं मी घरून ठरवूनच आलो आहे. तरीही एखादा शब्द अडला तर हात वर करा, मी थांबेन.

सुरुवात एका मुलापासून करू. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांच्या हकिकती मी एकत्र केल्या आहेत. तेव्हा हा कोणाचा मुलगा, हे शोधू नका. शाळेत कबड्डीत नावाजलेला. बारावीनंतर पोलीस भरतीसाठी पहाटे उठून पळणारा. एकोणिसाव्या वर्षी पोटऱ्या दुखायला लागल्या. घरच्यांना वाटलं, सरावाचा ताण. मग लक्षात आलं की त्याला चवड्यावर उभं राहता येत नाही. फळीवरचा डबा काढायला टाच उचलायची तर ती उचलतच नाही. पळताना मागं पडायला लागला, आणि भरती गेली.

रक्त तपासलं तर एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले. कोणी म्हणालं, कावीळ. सहा महिने पथ्य झालं, झाडपाल्याचं औषध झालं, तेल-तूप बंद झालं. आकडे काही उतरेनात. मग दुसरीकडे दाखवलं. तिथं स्नायूंचा तुकडा तपासला, त्यात सूज दिसली, म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. वर्षभर घेतल्या. चेहरा सुजला, वजन वाढलं, साखर वाढली. पायातली ताकद मात्र आली नाही, उलट जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला.

त्याला कावीळ नव्हती, आणि औषधाने बरी होणारी सूजही नव्हती. त्याच्या स्नायूंत एक प्रथिन नव्हतं. त्या प्रथिनाचं नाव डिस्फर्लिन.

आता ते काय करतं, ते पाहू. त्यासाठी लांब जायला नको, तुळजापूरलाच जाऊ.

कोजागिरीच्या पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारे इथं किती जण आहेत? हात वर करा... बरेच आहेत. पंचेचाळीस-एक किलोमीटर चालायचं, आणि मग देवळात पायऱ्या उतरून खाली जायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, खुर्चीत बसताना 'आई गं' होतं. चढताना दम लागतो हे खरं, पण स्नायूंना जास्त इजा होते ती उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे आवळलेला असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. दोरी आवळून धरली आणि कोणी ती ओढत नेली, तर तंतू तुटणारच. तसं.

स्नायूचा प्रत्येक धागा म्हणजे एक लांबच लांब पेशी. काही धागे कित्येक सेंटीमीटर लांब असतात. प्रत्येक धाग्याभोवती एक अतिशय पातळ पटल असतं. चालताना, ओझं उचलताना, पायऱ्या उतरताना या पटलाला बारीक बारीक भोकं पडतात. हे फक्त आजारी माणसाचं होत नाही, तुमचं-माझं सगळ्यांचं होतं. आणि तुमच्या नकळत ती भोकं बुजतातही.

भोक पडलं की आत काय शिरतं? कॅल्शियम. पेशीच्या बाहेर कॅल्शियमचं प्रमाण आतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पटींनी जास्त असतं. धरणाच्या भिंतीला भगदाड पडावं तसं ते आत घुसतं. जास्त वेळ घुसत राहिलं, तर धागा आवळून जातो, आतली पाचक द्रव्यं मोकाट सुटतात आणि धागा मरतो. म्हणून भोक बुजवायला वेळ किती? काही सेकंद, फार तर मिनिटभर.

निसर्गाची युक्ती अशी, की आत येणारं हे कॅल्शियमच धोक्याची घंटा ठरतं. धाग्याच्या आत पटलाच्याच कापडाच्या बारीक पिशव्या तयार असतात. घंटा वाजली की त्या भोकाकडे धावतात, एकमेकींना चिकटतात, फाटलेल्या कडेला जोडल्या जातात आणि ठिगळ बसतं. आपली आजी वाकळेला ठिगळ लावायची ना, अगदी तसं. फक्त हे ठिगळ मिनिटभराच्या आत लागतं.

ही घंटा ऐकणारं आणि पिशव्या पटलाला जोडायला लावणारं जे प्रथिन, ते डिस्फर्लिन. त्याच्या अंगावर ओळीनं सात कप्पे असतात. त्यांतले काही कॅल्शियमला पकडतात, काही पटलातल्या स्निग्ध पदार्थांना धरतात. म्हणजे एका हाताने निरोप घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने काम करायचं.

डिस्फर्लिन एकटं नसतं. अ‍ॅनेक्सिन नावाची प्रथिनं फाटलेल्या कडा आवळायला मदत करतात. एमजी-५३ नावाचं एक प्रथिन बाहेरचा प्राणवायू आत आल्याचं ओळखतं आणि पिशव्यांना जागेवर गोळा करतं. त्याचं हे काम २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढं आलं. म्हणजे ही डागडुजी करणारी अख्खी टोळी आहे. पण टोळीतला मुख्य गवंडीच आला नाही, तर विटा-सिमेंट असून भिंत उभी राहत नाही.

आता हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी, एकाच वेळी, दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर या आजाराचं जनुक शोधलं. जनुक मिळालं, पण ते करतं काय हे माहीत नव्हतं. त्याच्याशी मिळतंजुळतं जनुक कुठं सापडावं? मातीत राहणाऱ्या एक मिलिमीटरच्या कृमीत! त्या कृमीच्या जनुकाचं नाव फर-१. ते बिघडलं की कृमीच्या शुक्रपेशींमधल्या पिशव्या पटलाला जोडल्या जात नाहीत, शुक्रपेशी हलत नाहीत आणि नर वांझ राहतो. 'डिस्ट्रॉफी'मधलं 'डिस' आणि या 'फर'वरून 'फर्लिन', असं डिस्फर्लिन नाव पडलं. पिशवी पटलाला जोडण्याचा धागा त्या कृमीतून मिळाला.

पुढचा पुरावा २००३ मध्ये आला. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केव्हिन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेत डिंपल बन्सल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूच्या एकेका धाग्याला लेझरने भोक पाडलं. आजूबाजूला असा रंग ठेवला की पेशीत शिरला की तो चमकतो. निरोगी धाग्यात रंग थोडा शिरला आणि मिनिटभरात थांबला, म्हणजे भोक बुजलं. डिस्फर्लिन नसलेल्या धाग्यात रंग शिरतच राहिला. आणि निरोगी धाग्यालाही भोवतालचं कॅल्शियम काढून घेऊन भोक पाडलं, तर तोही बुजेना. घंटाच वाजली नाही, तर गवंडी येणार कुठून?

इथं एक फरक नीट लक्षात ठेवा, कारण उपचार त्यावर ठरतात. मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हटलं की बहुतेकांना ड्युशेन आठवतो. लहान मुलगा, चार-पाच वर्षांपासून पडतो, गुडघ्यावर हात टेकवत उठतो. त्यात डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन नसतं. डिस्ट्रोफिन पटलाला आतून आधार देतं, धक्के सोसतं. ते नसलं की पटल फार फाटतं. डिस्फर्लिनच्या आजारात पटल फाटतं बहुतेक तुमच्या-माझ्याइतकंच, पण शिवलं जात नाही. सायकलच्या भाषेत सांगायचं तर एकाचा टायरच झिजलेला, आणि दुसऱ्याच्या गावात पंक्चर काढणाराच नाही.

म्हणूनच हा आजार उशिरा दिसतो. पंधरा ते पंचविशीत. त्याआधी ही मुलं चांगली खेळणारी असतात, आणि हे जगभरच्या रुग्णांमध्ये नोंदवलं गेलं आहे. त्यामुळे घरच्यांचा विश्वास बसत नाही. 'काल-परवापर्यंत तर पळत होता, आता आळस करतो.' मंडळी, तो आळस नसतो.

सुरुवात दोन तऱ्हांनी होते. पोटरीपासून झाली तर तिला जपानी डॉक्टरांच्या नावावरून मियोशी मायोपॅथी म्हणतात. कंबर आणि मांडीपासून झाली तर लिंब गर्डल प्रकार म्हणतात. नावं दोन, जनुक एकच. एकाच घरात, एकच दोष असलेल्या दोन भावांपैकी एकाला पोटरीपासून आणि दुसऱ्याला मांडीपासून सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत. बुद्धीवर परिणाम होत नाही. हृदय आणि श्वास बहुतेकांचे सांभाळले जातात. चाल मात्र हळूहळू जाते. दहा-वीस वर्षांत अनेकांना चाकाची खुर्ची लागते.

हा आजार परदेशी आहे असं समजू नका. मुंबईत डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १४ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेंगळुरूच्या निम्हान्समधून डॉ. ए. नलिनी आणि डॉ. एन. गायत्री यांनी २००८ मध्ये २८ रुग्णांचा केला. लखनौच्या डॉ. सुनील प्रधान यांनी तर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल अशी खूण सांगितली. रुग्णाला गुडघे किंचित वाकवून उभं केलं की मांडीच्या पुढच्या बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराचा उंचवटा दिसतो. यंत्र नाही, खर्च नाही, फक्त नीट बघायचं.

आता त्या मुलाकडे परत येऊ. त्याचं चुकलं कुठं?

पहिली चूक काविळीची. एसजीओटी, एसजीपीटी हे फक्त यकृतातच नसतात, स्नायूंतही असतात. स्नायूचा धागा फुटला की ते रक्तात येतात. म्हणून डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन ठीक, जीजीटी ठीक आणि हे दोन मात्र महिनोन्‌महिने वाढलेले, असं असेल तर एक तपासणी करा : सीपीके. साधी रक्ताची तपासणी आहे. साधारण दोनशेच्या आत असायला हवं, ते या आजारात हजारांत जातं. पाच हजार, दहा हजार. फक्त आदल्या दोन-तीन दिवसांत जोराचा व्यायाम केलेला नसावा, कारण त्यानेही आकडा वाढतो.

दुसरी चूक स्टिरॉइडची. न बुजलेले धागे मरतात, त्यांचा कचरा उचलायला पांढऱ्या पेशी येतात, आणि बायोप्सीत ते सगळं सुजेसारखं दिसतं. म्हणून पॉलिमायोसायटिस असा शिक्का बसतो. पॉलिमायोसायटिसला स्टिरॉइड हे योग्य औषध आहे. ड्युशेनच्या मुलांनाही त्याचा फायदा होतो. पण डिस्फर्लिनच्या रुग्णांवर जर्मनीत नीट चाचणी झाली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्टिरॉइडने ताकद वाढली नाही, उलट कमी होण्याकडे कल दिसला. तेव्हा तरुण रुग्ण, हजारांतलं सीपीके, चवड्यावर उभं राहता येत नाही आणि स्टिरॉइडला दाद नाही, अशी चौकडी जमली तर थांबा आणि डिस्फर्लिनचा विचार करा. पण कोणी स्टिरॉइड घेत असेल, तर माझं ऐकून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायचं असतं.

खात्री कशी करायची? डिस्फर्लिन रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीतही असतं, तिथं ते मोजता येतं. आणि आता जनुकाची तपासणी रक्तावर होते. मांडीतून तुकडा काढायची गरज दर वेळी पडत नाही.

आता जरा नाजूक विषय. आपल्या मराठवाड्यात, सोलापूर भागात, उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकात, मामाची मुलगी करण्याची रीत आहे. काही घरांत मामा-भाचीचं लग्नही होतं. मी रीतीला नावं ठेवायला आलेलो नाही. फक्त हिशेब मांडतो.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. डिस्फर्लिनची एक प्रत बिघडली तर माणूस ठणठणीत असतो, त्याला आपण वाहक म्हणू. दोन्ही बिघडल्या तर आजार. आई-वडील दोघं वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. मुलगा असो की मुलगी, सारखीच. म्हणजे दोष एकट्या सुनेचा कधीच नसतो. हे वाक्य घरी जाऊन सांगा.

आता घरात एक रुग्ण आहे असं धरा. त्याच्या निरोगी भावाचं मामाच्या मुलीशी ठरतंय. भाऊ वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. आई नक्की वाहक, मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याच्या मुलीची त्याच्याही निम्मी, म्हणजे चारात एक. दोघं वाहक असले तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तिन्ही गुणा : चोवीसात एक. रुग्णाच्या बहिणीचं मामाशीच ठरलं, तर बारात एक. आणि रुग्णाचं स्वतःचं मामाच्या मुलीशी झालं, तर आठात एक. नात्याबाहेर लग्न केलं तर ही शक्यता याच्या तुलनेत फारच खाली जाते.

रुग्णाच्या जनुकातला दोष एकदा सापडला, की बाकीच्या नातेवाइकांची वाहक-तपासणी सोपी होते. लग्न ठरण्याआधी करता येते. पत्रिका बघायला आपण चार ठिकाणी जातो, तर एवढंही बघू.

उपचारांबद्दल खरं ते सांगतो. आज या आजारावर मान्यताप्राप्त औषध नाही. जनुकोपचाराचे प्रयत्न चालू आहेत. अडचण अशी, की जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या डब्यात हे जनुक मावत नाही. म्हणून ते दोन तुकड्यांत पाठवून पेशीत जोडण्याचा प्रयत्न होतोय. आणखी एक शहाणपण प्रयोगांनी शिकवलं. काही उंदरांत भोक बुजवण्याचं काम सुधारलं, तरी स्नायूंची झीज थांबली नाही. म्हणजे डिस्फर्लिन ठिगळाशिवाय आणखीही कामं करतं. त्यामुळे 'कळलं म्हणजे बरं झालं' असं नसतं. पण कळलं म्हणजे चुकीचं औषध थांबतं, चुकीचा व्यायाम थांबतो, आणि घरातल्या पुढच्या बाळाचा विचार करता येतो. आजच्या घडीला हे थोडं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, प्रथिन कमी आहे म्हणता, तर अंडी किंवा प्रोटीन पावडर घेतली तर?

छान प्रश्न. नाही, त्याने डिस्फर्लिन मिळत नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात सुट्टं होतं, विटा वेगळ्या होतात. त्या विटांचं शरीर पुन्हा काय बांधणार, ते जनुकातल्या नकाशावर ठरतं. इथं नकाशाच फाटलाय. डाळ, दूध, अंडी बेताने जरूर खा, पण डबेच्या डबे आणून पैसे घालवू नका. वजन मात्र वाढू देऊ नका, कारण ते त्याच पायांना उचलायचं असतं.

प्रश्न : मग व्यायाम पूर्ण बंद करायचा का?

बंद नाही. जोर लावायचे, वजनं उचलायचे, उतारावरून पळायचे प्रकार टाळा. उतरतानाची गोष्ट आठवा. सपाटीवर बेताने चालणं, पोहणं, सांधे आखडू नयेत म्हणून ताण देणं हे चालतं. मोजमाप साधं आहे : दुसऱ्या दिवशी दुखलं किंवा लघवी चहासारखी झाली, तर जास्त झालं. लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : माझ्या भावाला आहे. एका ठिकाणी स्टेम सेलचे इंजेक्शन सांगितलेत. दोन एकर विकायचं चाललंय.

ताई, विकू नका. आपल्या देशाच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले, तर हे फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतं, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेणं योग्य नाही. कोणी पैसे मागत असेल तर तिथंच उत्तर मिळालं. तेच पैसे जनुकतपासणी, फिजिओथेरपी, घरात कठडे, उंच बैठकीचा संडास आणि भावाच्या शिक्षणावर लावा. त्याचं डोकं शाबूत आहे, बसून करायचं काम तो पुढची कित्येक वर्षं करू शकतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. यूडीआयडी कार्ड काढा. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातही हा आजार मोडतो. दुर्मीळ आजारांसाठी मुंबईचं केईएम रुग्णालय हे केंद्राच्या धोरणातलं एक मान्यताप्राप्त केंद्र आहे.

प्रश्न : आशा म्हणून आम्ही नेमकं काय बघायचं?

तीन गोष्टी. तरुण मुलगा किंवा मुलगी, चवड्यावर उभं राहता येतं का? जमिनीवरून उठताना आधार लागतो का? आणि 'कावीळ बरीच होत नाही' असं घरचे म्हणतायत का? यातल्या दोन गोष्टींना होकार आला, तर सीपीके करायला सांगा. एवढं केलंत, तर मी ज्या मुलाबद्दल बोललो त्याची गेलेली दोन वर्षं दुसऱ्या कोणाची जाणार नाहीत.